सीएसआर की कम्युनिटी फाउंडेशन? हक्कांचं काम करणाऱ्या छोट्या संस्थेसाठी

तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या तीन-चार संस्थांचे प्रस्ताव आणि हिशेब मी पाहते. मार्च उलटला की सगळीकडून एकच प्रश्न येतो: यंदा पैसे कुणाकडे मागायचे? काम शाळेला संगणक देण्याचं किंवा गावाला पाण्याची टाकी बांधून देण्याचं असेल तर फार डोकं लावावं लागत नाही. पण विधवा बाईचं नाव सातबाऱ्यावर लावून घेणं, पारधी वस्तीतल्या मुलांचे जातीचे दाखले काढणं, ऊसतोड जोडप्याच्या उचलीचा हिशेब मुकादमाकडून मागणं, अशा कामाला कुठला पैसा मानवतो हे नीट पारखावं लागतं. पुढचं सगळं अशा संस्थेच्या विश्वस्तांसाठी आहे.

आधी सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून द्यायचा पैसा, कारण बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तोच असतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. कामांची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास घटकांना भोगावी लागणारी विषमता कमी करणं हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे कायदा तुमच्या कामाच्या आड येत नाही. अडतं ते कंपनीच्या टेबलावर.

एका कंपनीकडे आम्ही वर्षभरात चाळीस बायकांच्या वारस नोंदींचा प्रस्ताव दिला होता. लाभार्थी फार कमी आहेत, असं उत्तर आलं. त्याऐवजी शिलाई मशीन वाटा, आकडा मोठा दिसेल, असं सुचवलं गेलं. आम्ही हो म्हटलं, कारण दोन कार्यकर्त्यांचे पगार थकले होते. मशीन वाटली, फोटो गेले, अहवाल गेला. त्या आठ महिन्यांत एकही नोंद पुढे सरकली नाही, कारण दोघी मशीनच्या पावत्या गोळा करत फिरत होत्या. ज्या बायका आमच्या भरवशावर थांबल्या होत्या, त्यांना तोंड दाखवायला जड गेलं.

कम्युनिटी फाउंडेशनची रीत निराळी. एका शहरातल्या वा भागातल्या अनेक माणसांच्या देणग्या एकत्र करायच्या, त्यातून कायमनिधी उभा करायचा आणि त्याच्या उत्पन्नातून तिथल्याच संस्थांना अनुदान द्यायचं. पहिली अशी संस्था अमेरिकेत, क्लीव्हलंडला, १९१४ साली फ्रेडरिक गॉफ या बँकरने काढली. दात्याच्या मृत्युपत्रातली अट कालबाह्य झाली तरी पैसा तिच्यातच अडकून पडतो, ही त्याची तक्रार होती. म्हणून पैसा समाजाचा आणि वापर कसा करायचा हे त्या त्या काळातली स्थानिक माणसं ठरवतील, अशी त्याने व्यवस्था केली. आपल्याकडे मुंबईत १९९१ साली बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच धर्तीवर सुरू झाला.

समतेच्या दृष्टीने मला महत्त्वाचं वाटतं ते हे की पैसे कुणाला द्यायचे हे ठरवणाऱ्यांत कोण बसतं. काही फाउंडेशन वस्तीतल्या बायकांना, तरुणांना निवड समितीवर घेतात. अशा समितीपुढे वारस नोंद म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पण सगळ्याच जागी हे होत नाही. पुष्कळ ठिकाणी समितीवर तेच वकील, तेच उद्योजक असतात, आणि मोठे दाते आपली रक्कम आपल्या आवडीच्या कामासाठी राखून ठेवतात. तेव्हा नावात ‘कम्युनिटी’ आहे एवढ्यावर जाऊ नका. मागच्या दोन वर्षांत कुणाला पैसे दिले आणि त्या संस्था कोण चालवतं, ही यादी मागा.

आता पैशाच्या पोताकडे येते, कारण खरा फरक तिथे आहे.

आमच्या एका कार्यकर्तीकडे शंभर पानी वही आहे. तिच्यात एसटीची तिकिटं खळीने चिकटवलेली आहेत, मार्च २०२३ नंतरची सगळी अर्ध्या भाड्याची. प्रत्येक तिकिटाशेजारी एक ओळ (भाऊसाहेब म्हणजे तलाठी): ‘भाऊसाहेब मीटिंगला.’ ‘सर्व्हर बंद.’ ‘मृत्यू दाखल्यात नाव चुकलं.’ ‘दिराने हरकत घेतली.’ एका नोंदीसाठी अकरा खेपा. हा खर्च सीएसआरच्या अंदाजपत्रकात बसवायला गेलं की ‘प्रवास’ या एका ओळीत आवळून टाकतात, आणि कार्यकर्तीचा पगार तर ‘प्रशासकीय खर्च पाच टक्के’ म्हणून कापायला निघतात. इथे हटून बसा. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. एखादा प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं यांचा थेट खर्च नियमांच्या व्याख्येतूनच वगळलेला आहे. वस्तीवर जाणारी कार्यकर्ती हाच तुमचा प्रकल्प आहे, असं प्रस्तावात शब्दशः लिहा.

तीच वही एका फाउंडेशनच्या बाईंना दाखवली, तेव्हा त्यांनी पानं उलटून विचारलं, “मग बाराव्या खेपेला काय झालं?” त्यांच्याकडून मिळालेली रक्कम लहान होती, पण पगारावर किती आणि प्रवासावर किती हे आम्ही ठरवायचं होतं. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आणि भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. भटक्या कुटुंबाच्या आजोबांचं नाव शोधायला दोन जिल्हे पालथे घालावे लागतात, आणि अशा कामात पहिल्या सहामाहीत आकडा शून्य असू शकतो. तो शून्य समजून घेणारा देणगीदार लागतो.

तरी सीएसआरला नावं ठेवून भागत नाही. देशात सर्वांत जास्त सीएसआर महाराष्ट्रात खर्च होतो. शिवाय कंपनीने आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं कायदाच म्हणतो. तुम्ही चाकण किंवा वाळूजजवळ असाल तर ही बाजू भक्कम आहे. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या, कारखाने तुरळक असलेल्या जिल्ह्यांत तीच तुमच्या विरुद्ध जाते. कागदपत्रं अशी लागतील: प्राप्तिकर खात्याच्या १२-ए (संस्थेला करसवलत) आणि ८०-जी (देणगीदाराला करसवलत) या नोंदण्या, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आणि साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा इतिहास. मिळालेल्या पैशातून कायमनिधी उभारता येत नाही. २०२१ पासून कॉर्पसला, म्हणजे कायमनिधीला, दिलेली रक्कम सीएसआर म्हणून धरत नाहीत.

परदेशातल्या फाउंडेशनचा विचार डोक्यात असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी आधी. त्यासाठी मागच्या तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले लागतात. पूर्वी मोठी संस्था परदेशी पैसा घेऊन त्यातला वाटा गावोगावच्या छोट्या संस्थांना देऊ शकत असे. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने ते पूर्ण बंद केलं. छोट्या संस्थांवर हा घाव फार खोल बसला आहे. छोट्या संस्थेने यंदा तरी या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

आणखी एक वाट आपल्या मातीतलीच आहे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला सामाजिक कृतज्ञता निधी आठवा. नटांनी गावोगाव नाटकाचे प्रयोग केले, लोकांनी तिकिटं काढली आणि त्या पैशातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन दिलं. त्यात लाभार्थ्यांचा आकडा नव्हता, इमारत नव्हती. माणसाला काम करत राहता यावं, एवढ्यासाठीच पैसा होता. फाउंडेशन हा शब्द न वापरता महाराष्ट्राने हे करून दाखवलेलं आहे.

माझा सल्ला मागितलात तर पगार आणि प्रवास फाउंडेशनकडून किंवा स्थानिक देणग्यांतून घ्या, मग रक्कम निम्मी मिळाली तरी चालेल. कार्यालयाचा संगणक, झेरॉक्स मशीन, शिबिरांचा खर्च सीएसआरकडे मागा. आणि ज्या कंपनीशी तुमच्या लोकांचा मजुरीचा किंवा जमिनीचा वाद आहे किंवा होऊ शकतो, तिच्याकडून काहीच नको, झेरॉक्सचं मशीनसुद्धा नको. जिल्ह्यात एकही फाउंडेशन नसेल तर दलित फाउंडेशन, नॅशनल फाउंडेशन फॉर इंडिया अशा देशपातळीवरच्या संस्थांकडे अर्ज करा. वाट पाहावी लागते, म्हणून अर्ज आत्ताच लिहायला घ्या.

करारावर सही करण्याआधी दोन कलमं मोठ्याने वाचून घ्या. वर्षाच्या मध्यात एका शीर्षाखालची रक्कम दुसऱ्या शीर्षाखाली वळवता येते का, आणि दुसरा हप्ता कशावर अवलंबून आहे. ‘नोंद झालेल्या प्रकरणांची संख्या’ असं लिहिलेलं असेल, तर तिथे ‘दाखल केलेल्या अर्जांची संख्या’ असा बदल मागा. नोंद करणं तहसीलच्या हातात आहे, अर्ज करणं तुमच्या.