टॉर्टोलाची कंपनी आणि माझे ३०,३५,००० रुपये

आधीच सांगतो, पैसे काळे नव्हते. वडिलांची जमीन विकली, कॅपिटल गेन भरला, उरलेले बँकेत पडून होते. तरी ‘टॅक्स बुडवायला गेलास, बरी अद्दल घडली’ म्हणणारे भेटतातच. टॅक्स वाचवायला गेलो होतो, बुडवायला नाही. निदान तेव्हा तरी असंच वाटत होतं.

नोव्हेंबर २०२१. साडूने (हो, सख्ख्या साडूनेच) एका सल्लागाराकडे नेलं. स्कीम तुम्ही ओळखलीच असेल: ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये (टॉर्टोला हे तिथलं मुख्य बेट) कंपनी, दुबईत तिचं खातं, व्याजावर इथे टॅक्स नाही, ‘सगळं लीगल’. पॅकेज ४,७५,०००. एलआरएसमधून (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) खात्यात पाठवले २२,००,०००. पुढे तीन वर्षं रिन्युअल, दरवर्षी ९५,०००.

आता तो फॉर्म. सहीच्या जागी पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. ‘कर-रहिवासी कोणत्या देशाचे?’ या चौकटीत पेन्सिलने आधीच ‘युएई’ लिहिलेलं, खाली दुबईतल्या कुठल्याशा फ्लॅटचा पत्ता. मी दुबईत आयुष्यात चार दिवस राहिलोय, तेही सहलीबरोबर. विचारलं, “हे काय?” म्हणाला, “फॉर्मॅलिटी आहे साहेब, पेनने गिरवा.” गिरवलं. भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारा माणूस मी! डायरेक्टर त्याचा माणूस, खात्यावर सहीचा अधिकार त्याच माणसाला, हेही त्याच कागदांत होतं.

आणि गुप्तता कसली डोंबलाची? पैसे पाठवतानाच बँकेने सात लाखांवरच्या रकमेवर ५ टक्के टीसीएस (आगाऊ कर) कापला, ७५,०००. तो माझ्याच २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या माझ्या करनोंदीत, छापलेला. शिवाय पासपोर्टवर पत्ता ठाण्याचा, मोबाइल +९१ चा. सीआरएसखाली (खातेदार ज्या देशाचा कर-रहिवासी, त्या देशाला त्याच्या खात्याची माहिती द्यायची व्यवस्था) युएई २०१८ पासून खात्यांची माहिती पाठवतं. पेन्सिलच्या ‘युएई’ने कोण फसणार होतं? मीच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याचा एसएमएस आला: परदेशी मालमत्ता रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवा. इतक्या वर्षांत आलेला तो एकच खरा मेसेज, आणि मी तो फ्रॉड समजलो. सल्लागाराला पाठवला. “फेक आहे, डिलीट करा.” त्यानंतर त्याचा फोन बंद. खातं रिकामं. कंपनीची वार्षिक फी पहिल्या वर्षापासून भरलेलीच नाही, टॉर्टोलाच्या नोंदणीतून नाव कधीच उडालेलं.

पोलीस ठाण्यात गेलो. “आर्थिक गुन्हे शाखेत जा.” तिथे: “पैसे दुबईतून गेले ना? मग तिकडे तक्रार करा.” पुन्हा ठाण्यात. फौजदारांनी फॉर्म हातात घेतला, बोटाने माझी सही दाखवली. “ही कोणाची?” माझीच. मग म्हणतात, “तुम्ही तर इथे राहतच नाही असं लिहून दिलंय!” शेजारचा हवालदार हसला. सहा चकरा, एफआयआर नाही. आयकरवाल्यांना मात्र मी लगेच सापडतो. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन करनिर्धारण वर्षांसाठी काळा पैसा कायदा, २०१५ च्या कलम ४३ खाली नोटिसा, दंड वर्षाला १०,००,०००. वीस लाखांपर्यंतची सूट ऑक्टोबर २०२४ पासून आली, पण माझे बावीस! फसवलेल्याकडूनच दंड मागताना यांना काही वाटतं की नाही?

एलआरएसमधून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यात गुन्हा नाही. पण रिटर्नमध्ये लिहा! परदेशी खातं, शेअर, कंपनी, मुलाबरोबरचं तिकडचं जॉइंट अकाउंटसुद्धा. सीए विचारणार नाही. माझ्या सीएने तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. पेन्सिलने लिहिलेलं काहीही गिरवू नका. नॉमिनी डायरेक्टर, म्हणजे तुमच्या कंपनीवर नावापुरता बसवलेला त्यांचा माणूस, म्हटलं की उठून या. सुधारित रिटर्नची मुदत तेव्हा ३१ डिसेंबर होती. २०२४-२५ चं मी २९ तारखेला भरलं, म्हणून तेवढं एक वर्ष सुटलं.

राहता राहिला तो टीसीएस. ७५,००० रिटर्नमध्ये वळते करून घेता आले असते. मी मागितलेच नाहीत. सल्लागार म्हणाला होता, “क्लेम करू नका साहेब, उगाच लक्ष जाईल.”