करंजीचा लंगर: नागपूर-हैदराबाद रस्त्यावर जेवायला थांबायचं तर इथे

नागपूरहून जाम, हिंगणघाट, वडकी मागे टाकलं की पांढरकवड्याच्या अलीकडे करंजी लागते. यवतमाळ जिल्ह्याचा हा भाग कापसाचा आणि जंगलाचा. राष्ट्रीय महामार्ग 44, म्हणजे जुना 7 नंबर, इथूनच जातो आणि त्याला लागूनच गुरुद्वारा लंगर साहिब आहे. लंगर म्हणजे गुरुद्वाऱ्याचं सगळ्यांसाठी मोफत अन्नछत्र. हा लंगर 1988 मध्ये जवळच्याच जंगलातल्या गुरुद्वारा भगोड साहिबची शाखा म्हणून सुरू झाला. 2020 च्या टाळेबंदीत ढाबे बंद होते, माणसं हैदराबादकडून पायी उत्तरेकडे निघाली होती, तेव्हा इथल्या चुली विझल्या नाहीत. लंगर चालवणारे बाबा करनैलसिंग खैरा यांचं नाव तेव्हा देशभर पोचलं. ट्रकवाल्यांना मात्र ही जागा आधीपासूनच पाठ होती.

जेवण साधं. डाळ, भात, भाजी, पोळी. लंगरच्या पद्धतीची डाळ बहुधा अख्खी उडीद किंवा चण्याची, घट्ट. आपल्या पातळ तुरीच्या वरणाची सवय असेल तर पहिली वाटी अर्धीच घ्या, ती पोटाला लवकर लागते. शाकाहार पक्का, पण लंगरमध्ये कांदा-लसूण चालतो. उपासाचे किंवा कांदा न खाणारे असाल तर वाढण्याआधीच विचारा. हॉटेलची चव शोधायला जाऊ नका. गरम, ताजं आणि पोटभर, एवढ्या कसोटीवर हा लंगर त्या रस्त्यावरच्या कुठल्याही ढाब्याच्या पुढे आहे. रात्री लेकराबाळांसह प्रवास करणाऱ्या घराला तर याहून भरवशाचं ठिकाण सांगता येणार नाही.

आत जायची रीत सोपी आहे, फक्त एका गोष्टीवर आपल्याकडची माणसं हमखास अडकतात: खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. शीख धर्मात तंबाखू पूर्ण वर्ज्य. खर्ऱ्याची पुडी, बिडी, सिगारेट, तपकीर, काहीही खिशात असेल तर ते गाडीतच ठेवा आणि गेटवरच चूळ भरून या. तोंडात तोबरा धरून आत शिरलेल्या माणसाला सेवादार, म्हणजे तिथे सेवा करणारी माणसं, हात जोडूनच बाहेर पाठवतात, पण वेळ तशी येऊ देऊ नये. जोडे जोडाघरात, हातपाय नळावर धुवायचे, डोकं झाकायचं. टोपीपेक्षा रुमाल बरा. खांद्यावरचा दुपट्टा बांधला तर उत्तम, बाईमाणसाला पदर किंवा ओढणी पुरते. आधी दरबारात, म्हणजे गुरु ग्रंथसाहिब असतो त्या दालनात, माथा टेकून मग लंगरला बसायची पद्धत आहे, पण उपाशी माणसाला कोणी अडवत नाही.

पंगत जमिनीवर. सरपंच असो की गाडीचा क्लीनर, एकाच पट्टीवर. पोळीला इथे परशादा म्हणतात आणि तो दोन्ही तळहात जोडून, ओंजळ पुढे करून घ्यायचा. सेवादार वरून अलगद सोडतो. एका हाताने ओढून घेतला की त्याला ते लागतं आणि पोळीही खाली पडते. नको असेल तर ताटावर दोन्ही हात आडवे धरा, बोलायची गरज नाही. सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकदम जास्त वाढून घेणं. पंगतीत वाढणारा पुन्हा पुन्हा फिरतो. ताटात टाकलेला भात दुसऱ्याच्या पानात जाऊ शकत नाही.

दुसरी अडचण ट्रॅव्हल्सवाल्यांची. पन्नास माणसं न सांगता उतरली की आधीची पंगत उठेपर्यंत ताटकळावं लागतं, आणि दोष मग लंगरला देतात. हिशेब सांगतो: 100 माणसांना 12 किलो कणीक लागते, तिचे साडेतीनशेच्या आसपास फुलके होतात. शिवाय 5 किलो डाळ, 5-6 किलो तांदूळ. अख्खी डाळ आधी भिजवलेली असावी लागते, आणि बोअरचं पाणी जड असलं तर ती शिजायला आणखी वेळ घेते. म्हणून मोठा जथा नेत असाल तर तासाभरापूर्वी नाही, आदल्या दिवशी कळवा.

दरबारातला कडाह प्रसाद चुकवू नका. कणीक, तूप, साखर तिन्ही सारखी, पाणी कणकेच्या दुपटीहून थोडं जास्त. तुपात कणीक बदामी होईपर्यंत हलवायची आणि साखरेचं उकळतं पाणी घालायचं. पाणी थंड असलं की गुठळ्या होतात, कणीक कच्ची राहिली की टाळूला चिकटते. जमलेला प्रसाद कढईच्या कडा सोडतो, हाताला तूप लागतं आणि बोटांत अलगद तुटतो. तोही ओंजळीतच घ्यायचा आणि तिथेच खायचा.

जेवणाचे पैसे कोणी मागत नाही. फुकट कसं खायचं म्हणून गावाकडची स्वाभिमानी माणसं बाहेरच उभी राहतात, त्यांना हाताला धरून आत न्या. मन मानत नसेल तर उष्टी भांडी घासायला बसा. गोलकात, म्हणजे दानपेटीत, जमेल ते टाका, किंवा कोरडं राशन द्या: गहू, तांदूळ, डाळ, साखर. घरून शिजवून नेलेलं अन्न नेऊ नका. बाजार उठताना उरलेली मऊ वांगी आणि टमाटेही नकोत, निवडण्यातच सेवादारांचा दिवस जातो.

हाताशी वेळ असेल तर मूळ स्थान पाहून या. गुरुद्वारा भगोड साहिब इथून 11 किलोमीटरवर, इथल्याच वाई गावच्या जंगलात आहे. नांदेडला जाताना गुरु गोविंदसिंगजी तिथे थांबले होते अशी शीख परंपरा सांगते. नांदेडला 1708 मध्ये त्यांचं निर्वाण झालं. रस्ता रानातला आहे, तेव्हा लंगर खाऊन सकाळीच निघा आणि दिवस मावळायच्या आत महामार्गावर परत या.