टायपिंगच्या दुकानात लिनक्स मिंट: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापुरात कोर्टाच्या कामांचं मराठी टायपिंग हा आमचा व्यवसाय. करारपत्रं, वाटणीपत्रं, प्रतिज्ञापत्रं, दाव्यांचे मसुदे. १८ ऑगस्ट २०२५ पासून भाऊसिंगजी रोडवर उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून सोलापूरपर्यंतचे पक्षकार इकडं यायला लागले. त्याच गर्दीत १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला. आमची मशीनं इंटेलच्या सहाव्या पिढीची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. सुरक्षा अपडेटसाठी वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, पण त्यानं प्रश्न फक्त पुढं गेला असता. लोकांची आधार कार्डं, सातबारे, खरेदीखतं ज्या मशीनवर येतात, ते अपडेटशिवाय नेटला जोडून ठेवणं मला पटत नाही. मशीनं चांगली चालत असताना भंगारात घालणंही नाही. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, सिनॅमन नावाच्या डेस्कटॉपची. तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत.

टाकायला काही अडचण आली नाही. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, स्कॅनर सगळं तिथंच तपासून घेतलं. एका जुन्या लेझर प्रिंटरनं मात्र दमवलं. त्याचा ड्रायव्हर शेवटपर्यंत नीट बसला नाही, तो बदलावा लागला. प्रिंटर कोणताही असो, लीगल कागदाचं माप आधी कोऱ्या कागदावर काढून बघा. ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर प्रयोग करायचा नसतो.

खरी अडचण सिस्टीमची नाहीच, मराठीची आहे. यावर कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून हा खटाटोप.

माझा हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीवर बसलेला. मिंटमध्ये आयबस आणि एम१७एन ही भाषा टाइप करायची पॅकेजं टाकली की मराठीसाठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन असे की-बोर्डचे पर्याय मिळतात. पण युनिकोडमधलं (प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच कोड देणाऱ्या आजच्या पद्धतीतलं) रेमिंग्टन तंतोतंत जुन्यासारखं नसतं. काही जोडाक्षरं आणि चिन्हं वेगळ्या कळांवर सापडतात, आणि हात तिथंच अडखळतो. मदतीला असलेल्या मुलीला मी सरळ इनस्क्रिप्टवर घातलं. त्यात आधी व्यंजन, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमानं अक्षरं येतात, आणि हाच की-बोर्ड विंडोजवरही असतो. माझं मत स्पष्ट आहे: नव्यानं शिकणाऱ्यानं रेमिंग्टनच्या वाटेला जाऊ नये, आणि ज्याचा हात बसलाय त्यानं तो मोडू नये.

दुसरा डोंगर जुन्या फायलींचा. आमचे वर्षानुवर्षांचे मसुदे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फायलीत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, वर फक्त मराठी आकार दिसतात. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसता कचरा. कन्व्हर्टर मिळतात, पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. त्यामुळे जोडाक्षरावर वेलांटी किंवा रफार आला की तो शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. वाटणीपत्रात आडनाव असं बदललं तर पुढं वारसांना त्रास. म्हणून बदललेला प्रत्येक मसुदा मूळ छापील प्रतीशी मोठ्यानं वाचून ताडतो. एक वाचतं, दुसरं बघतं. वेळ जातो, पण याला पर्याय नाही.

‘शेतकऱ्यांच्या’सारख्या शब्दांवर नजर ठेवा. त्यातला अर्धा र दोन तऱ्हेनं टाइप होतो आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एकानं दुसरा सापडत नाही. आम्ही दोघींनी एकच पद्धत ठरवून घेतली.

मग एक दिवस वकीलसाहेब कागद हातात धरून म्हणाले, “ताई, हे ल आणि श हिंदीतल्यासारखे का दिसतात ओ?” बरोबर होतं त्यांचं. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत हिंदी वळण आधी येतं. मराठी वळण फॉन्टात असलं तरी मजकुराची भाषा ‘मराठी’ लावल्याशिवाय उमटत नाही. लिब्रेऑफिसमध्ये (वर्डच्या जागी वापरतो तो मोफत प्रोग्राम) देवनागरीचा फॉन्ट आणि भाषा इंग्रजीपेक्षा वेगळ्या ठरवाव्या लागतात. ते स्टाइलमध्येच कायमचं करून टाका. आम्ही ‘तिरो देवनागरी मराठी’ हा मोफत फॉन्ट घेतला, त्यात वळण मुळातच मराठी आहे.

तोच फॉन्ट वकिलांच्या मशीनवरही टाकून दिला, आणि त्यानं मोठं काम केलं. वर्डमधून आलेली, विंडोजच्या मंगल फॉन्टची फाइल इथं दुसऱ्या फॉन्टात उघडते, ओळी सरकतात, पानं वाढतात आणि अनुक्रमणिकेचे पान नंबर चुकतात. दोन्हीकडं फॉन्ट एक आणि शेवटची प्रत पीडीएफ, एवढं पाळलं की हा घोळ बराच थांबतो. कोष्टकं मात्र अजूनही कधीकधी हलतात.

आता मिळतंय काय? सकाळी मशीन चालू केलं की लगेच काम सुरू होतं. टाइमशिफ्ट हा सिस्टीमची प्रत जपणारा प्रोग्राम लावून ठेवलाय, अपडेटनं काही बिघडलं तर सिस्टीम आदल्या स्थितीवर नेता येते. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे शोध. करवीर तालुक्यातलं एखादं गाव किंवा पक्षकाराचं आडनाव टाकलं की युनिकोडमधल्या सगळ्या मसुद्यांतून फायली पुढं येतात. आधी त्यासाठी रजिस्टर चाळावं लागायचं. एवढ्यासाठी मी परत मागं जाणार नाही.

एक विंडोज मशीन अजून ठेवलंय, नेट काढून, जुन्या फायली उघडण्यापुरतं. कुणी जुन्या दस्ताची नक्कल मागितली की ती फाइल त्याच दिवशी बदलून, वाचून इकडं आणतो. तुमच्याकडं जुन्या फॉन्टचे मसुदे असतील तर आधी त्यांची छापील प्रत किंवा पीडीएफ काढून ठेवा, मग पेनड्राइव्ह लावा.