पाळीव प्राण्यांच्या हृदय-फुप्फुसांचा रेझिन संच: हृदये अचूक, फुप्फुसे अर्धवट

पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना छातीच्या पोकळीची रचना शिकवण्यासाठी हा संच आम्ही वापरत आहोत. त्यात गाय, घोडा, कुत्रा आणि डुक्कर यांची उघडता येणारी हृदये, त्याच चार प्राण्यांची श्वासनलिकेसह फुप्फुसे आणि कोंबडीच्या धडाचा एक उभा छेद आहे. अशा संचाची किंमत माझ्या मते एकाच गोष्टीवर ठरते, ती म्हणजे एका प्राण्याचे इंद्रिय दुसऱ्यापासून जिथे वेगळे आहे तिथे ते वेगळे दाखवले आहे की नाही. चार कप्पे, चार झडपा आणि दोन फुप्फुसे हे सगळ्याच सस्तन प्राण्यांत सारखे असते आणि ते कोणत्याही शालेय प्रतिकृतीत दिसते. पशुवैद्याला गरज असते ती भेदांची.

हृदयांच्या बाबतीत ही अपेक्षा उत्तम रीतीने पूर्ण झाली आहे. गाईच्या हृदयावर दोन मुख्य खाचांखेरीज असणारी तिसरी, मधली खाच स्पष्ट कोरलेली आहे. हृदयाचा वरचा भाग उचलला की महाधमनीच्या मुळाशी असलेल्या तंतुमय कड्यात दोन हाडे दिसतात. गाईच्या हृदयात खरोखरच हाडे असतात, घोड्यात त्याच जागी कूर्चा असते आणि वय वाढल्यावर तिचे हाड होऊ शकते, हे वर्गात नुसते सांगून विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही; येथे ते बोट लावून पाहता येते. महाधमनीच्या कमानीतून निघणाऱ्या शाखांचीही काळजी घेतली आहे. गाय आणि घोडा यांत डोके व पुढच्या पायांकडे जाणाऱ्या सगळ्या धमन्या एकाच सामाईक खोडातून निघतात, तर कुत्रा आणि डुक्कर यांत डाव्या पुढच्या पायाकडे जाणारी धमनी कमानीतून स्वतंत्रपणे निघते, आणि चारही प्रतिकृतींत हे बिनचूक आहे. डाव्या बाजूची अझायगस शीर, म्हणजे छातीच्या भिंतीतले रक्त हृदयाकडे आणणारी शीर, गाईत आणि डुकरात दाखवली आहे, तर घोड्यात आणि कुत्र्यात उजवी. कोरोनरी, म्हणजे हृदयाच्याच स्नायूला रक्त पुरवणाऱ्या, धमन्यांच्या रंगकामाला तर मनापासून दाद द्यावीशी वाटते, कारण गाय आणि कुत्रा यांत हृदयाच्या दोन्ही मुख्य खाचांत उतरणाऱ्या शाखा डाव्या धमनीपासून येतात, तर घोडा आणि डुक्कर यांत उजव्या बाजूच्या खाचेतली शाखा उजव्या धमनीची असते, हा फरक अनेक महागड्या प्रतिकृतींतही गाळलेला असतो. उजव्या निलयातून आडवा जाणारा स्नायूचा पट्टा, ज्यातून आवेगवाहक तंतू पलीकडच्या भिंतीपर्यंत लवकर पोहोचतात, तोही जागेवर आहे.

फुप्फुसांकडे वळल्यावर मात्र निराशा होते. घोड्याच्या उजव्या फुप्फुसाला येथे मधला खंड दिला आहे. घोड्याला तो नसतो. उजवीकडे पुढचा, मागचा आणि एक छोटा साहाय्यक खंड, तर डावीकडे फक्त पुढचा आणि मागचा, एवढीच त्याची रचना असते आणि खंडांमधल्या चिराही फारशा खोल नसतात. येथे कुत्र्याच्या फुप्फुसाचाच साचा मोठा करून वापरला असावा, असे खोल चिरांवरून वाटते. गाय आणि डुक्कर यांत श्वासनलिका दुभागण्याआधीच उजव्या पुढच्या खंडाकडे एक स्वतंत्र श्वसनी, म्हणजे फुप्फुसात हवा नेणारी शाखा, निघते, ती दोन्हींत बरोबर दाखवली आहे, पण पृष्ठभाग सगळ्यांचा सारखाच गुळगुळीत आहे. गाईच्या आणि डुकराच्या फुप्फुसावर लहान लहान खंडिकांना वेगळे करणारे संयोजी ऊतीचे पडदे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, कुत्र्यात ते दिसत नाहीत. हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. या पडद्यांमुळे गाईच्या एका खंडिकेतून शेजारच्या खंडिकेत हवा जवळजवळ जात नाही, म्हणून एखादी बारीक श्वसनी चोंदली की तिच्यामागचा भाग लगेच मिटतो. कुत्र्यात मात्र हवा आडवाटेने पोहोचते. न्यूमोनियाने मेलेल्या गाईच्या फुप्फुसावर संगमरवरासारखी नक्षी का दिसते, याचे उत्तरही या पडद्यांतच आहे.

श्वासनलिकेच्या आडव्या छेदातही हीच हयगय आहे. कूर्चेची कडी मागच्या बाजूला अपुरी असतात आणि त्यांची टोके जोडणारा स्नायू कुत्र्यात कड्यांच्या बाहेरून, तर गाय, घोडा आणि डुक्कर यांत आतून जातो. संचात तो चारही ठिकाणी बाहेरूनच आहे.

श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, दिलेलेच नाही, ही उणीव मला चुकांपेक्षाही अधिक जाणवते. गाईचे जाळीपोट, म्हणजे तिच्या चार कप्प्यांच्या पोटातला जाळीदार कप्पा, श्वासपटलाला लागून असते आणि पलीकडे काही सेंटिमीटरवर हृदय असते. चाऱ्यातून गिळलेली तार किंवा खिळा जाळीपोटात अडकतो आणि त्याच्या आकुंचनाने पुढे रेटला जाऊन श्वासपटल भेदून हृदयावरणात घुसतो, हे शेजार डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. गाईच्या हृदयाला एक पडदा आणि त्यामागे जाळीपोटाची भिंत जोडली असती, तर या संचाचे मोल दुप्पट झाले असते.

कोंबडीचा छेद मात्र अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. फुप्फुसे बरगड्यांमध्ये रुतून बसलेली आणि त्यांवर बरगड्यांच्या खाचा उमटलेल्या दिसतात. वायुपिशव्या पारदर्शक आहेत. महाधमनी उजवीकडे वळते आणि उजव्या अलिंद-निलयामधली झडप पातळ पडद्याची नसून स्नायूची आहे. पक्ष्याची फुप्फुसे जवळजवळ फुगत नाहीत, छातीचे हाड खालीवर होऊन पिशव्यांतून हवा खेळते, म्हणून कोंबडीची छाती घट्ट आवळून धरली तर ती गुदमरते, हे या एका छेदावरून समजावता येते.

टिकाऊपणाबद्दल तक्रार नाही. चुंबकाचे जोड पक्के आहेत आणि रंग पुसण्याने जात नाही. हृदये आणि कोंबडीचा छेद स्वतंत्रपणे विकत मिळतात, तेव्हा विभागप्रमुखांनी तेवढेच मागवावेत. फुप्फुसांसाठी कत्तलखान्यातून आणलेले, पशुवैद्यकीय तपासणी झालेले ताजे फुप्फुस घ्यावे आणि श्वासनलिकेत नळी घालून पंपाने हळूहळू फुगवावे. खंड कसे उलगडतात आणि पंप थांबताच ते आपोआप कसे मिटतात, हे कोणतेही रेझिन दाखवू शकत नाही.