डी अँझात तीन क्वार्टर: फी परवडली, पुस्तकांनी घाम फोडला

परवा रात्री साडेअकराला अकाउंटिंगचा गृहपाठ उघडेना. पुस्तकासोबत विकत घेतलेल्या, गृहपाठ उघडून देणाऱ्या ऑनलाइन कोडची मुदत संपली म्हणे. प्रकाशन कंपनीच्या हेल्पलाइनवर पाऊण तास ताटकळले, तेव्हा उत्तर मिळालं: नवा कोड विकत घ्या. अजून डोकं तापलेलं आहे, तरी लिहितेच.

मी कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, तीन क्वार्टर (सत्रं) काढले. पुण्याचं बी.कॉम. होतं, पण सीपीएसाठी (अमेरिकेतलं आपलं सीए) अकाउंटिंगची युनिट्स, म्हणजे क्रेडिट्स, कमी पडत होती. इथल्या आपल्या बऱ्याच जणी याच वाटेने जातात. कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरलात की युनिटला ३१ डॉलर, म्हणजे पाच युनिटांचा कोर्स १५५ ला. बारीकसारीक फी वेगळी. १९८४ पर्यंत तर राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांत फीच नव्हती! आता फी आहे, आणि त्यावर पुस्तक अधिक कोड जवळजवळ कोर्सच्याच किमतीत. पहिल्या क्वार्टरला मी घरी सांगून टाकलं होतं, ही स्वस्ताई फसवी आहे.

ते मत दुसऱ्या क्वार्टरला बदललं. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर एक पत्ता लिहिला आणि म्हणाले, पुस्तक इथून उतरवून घ्या. मी पैसे भरायचं पान शोधत बसले. ते नव्हतंच. लेखिकांची नावं पाहिली: बार्बरा इलोवस्की आणि सुझन डीन, दोघी डी अँझातच गणित शिकवणाऱ्या. त्यांनी आपलं पुस्तक सर्वांसाठी खुलं केलं, पुढे २०१३ मध्ये राइस युनिव्हर्सिटीच्या ओपनस्टॅक्स या मोफत पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेने त्यावरूनच आपलं पुस्तक काढलं. आज ते कुठल्या कुठे वापरतात. मी लायब्ररीत दोन प्रकरणं छापून घेतली, स्पायरल केलं, मार्जिनमध्ये मराठीत टिपा लिहिल्या. शंभर डॉलरच्या पुस्तकावर माझा हात असा चालला नसता.

कॉलेज १९६७ चं. आवारातली जुनी वास्तू, ल पेटिट ट्रायानॉन, त्याहून कितीतरी आधीची, इथल्या वाइनच्या मळ्याच्या काळातली. तिच्या पायरीवर बसून मी डबा खाल्लाय. ॲपलचा मॅकिंटॉश कॉम्प्युटर जगापुढे आला तो इथल्याच फ्लिंट सेंटर या नाट्यगृहात, २४ जानेवारी १९८४ ला. ॲपलचा सहसंस्थापक वोझनियाकही इथे वर्षभर शिकला. पण मला जास्त भावली ती वर्गातली सरमिसळ: एका बाजूला डेव्हिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ट्रान्सफर घ्यायची म्हणून धडपडणारा अठरा वर्षांचा पोरगा, दुसऱ्या बाजूला ऑटोमोटिव्हचा कोर्स करणारे पन्नाशीचे गृहस्थ, नखांत ग्रीस. कुणी कुणाला वय विचारत नाही.

क्वार्टर बारा आठवड्यांचा, पाचव्या आठवड्यातच मिडटर्म. घरात लहान मूल असेल तर एका वेळी एकच कोर्स घ्या, हे कळकळीने सांगते.

आणि नोंदणी करताना वेळापत्रकात पुस्तकखर्च शून्य असलेल्या वर्गांपुढे खूण असते, ती आधी बघा. त्या वर्गांतल्या जागा लवकर भरतात. पुढच्या क्वार्टरची नोंदणी ज्या दिवशी उघडली, त्या सकाळी सात वाजता मी तशीच एक पकडली.