बेन्झीन जमिनीत उतरलंय: पंप लावावा की वाट पाहावी?

जमिनीखालची पेट्रोलची जुनी टाकी गळली, ती काढलीही, पण आसपासच्या बोअरमध्ये अजून बेन्झीन, म्हणजे पेट्रोलमधला विषारी घटक, येतंय. आता पाणी उपसून शुद्ध करायचं, की जमिनीतल्या जिवाणूंवर सोपवून फक्त नमुने घेत राहायचं? एका डेपोच्या आवारात मी आधी पहिलं केलं, मग दुसरं.

उपशाचा एक फायदा निर्विवाद आहे. पंप चालू असेतो दूषित पाणी शेजारच्या विहिरीकडे सरकत नाही. शिवाय काहीतरी चाललंय हे साहेबांना दिसतं, तेही कमी महत्त्वाचं नाही.

मला वैताग आणला तो तांबड्या गाळाने. वर येताना नितळ असलेलं पाणी हवा लागली की तांबूस व्हायचं, कोळशाचा फिल्टर तुंबायचा, दाब चढायचा. मग पंप बंद, फिल्टर उलटा धुवा, पुन्हा चालू. हे लोह येत कुठून होतं? इंधन खाणारे जिवाणू आधी प्राणवायू संपवतात, मग नायट्रेट, मग खनिजांतलं लोह वापरतात आणि ते पाण्यात विरघळतं. म्हणजे फिल्टर तुंबवणारा गाळ ही खाली फुकट चाललेल्या सफाईची पावती होती! त्यात पंप थांबवला की मुरमात अडकलेलं बेन्झीन हळूहळू सुटून आकडे पुन्हा चढायचे.

अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिजीजवळ १९७९ मध्ये तेलवाहिनी फुटली. तिथला अभ्यास १९८३ पासून चालू आहे. तेल बरंचसं जागेवरच आहे, पण विरघळलेलं बेन्झीन भूजलाच्या वेगाने पुढे गेलेलं नाही, वाटेतच संपतं. अर्थात तिथे वाळू आहे. आपल्या बेसॉल्टमध्ये पाणी भेगांतून धावतं, आणि निरीक्षणाची बोअर भेग चुकवून खणली तर अहवाल खोटाच स्वच्छ येतो.

पाण्यावर इंधनाचा थर तरंगत असेल तर तो आधी काढावाच लागेल. पेट्रोलऐवजी ट्रायक्लोरोइथिलीन (धातूवरचं ग्रीस काढायचं द्रावक) असेल तर माझं ऐकू नका. त्याचं विघटन अर्ध्यावर अडलं तर व्हिनाइल क्लोराइड साचतं, आणि ते कर्करोगकारक आहे.

पेट्रोलच असेल आणि जवळ पिण्याची विहीर नसेल, तर मी बहुधा पंपाचे पैसे नमुन्यांवर घालेन. बेन्झीनबरोबर नायट्रेट, सल्फेट आणि विरघळलेलं लोहही तपासा, जिवाणू काम करताहेत का ते त्यावरून कळतं. प्राणवायू मात्र बोअरच्या तोंडाशीच मोजा. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो आकडा बदललेला असतो.