पीएनआर खरा होता, तिकीट मात्र निघालेच नव्हते

ठाणे आणि नवी मुंबईतील ज्या पालकांची मुले व्हायोलिन किंवा चेलो शिकत आहेत, त्यांनी हा अनुभव जरूर वाचावा, कारण आम्हाला ज्या रीतीने फसवण्यात आले, ती रीत दुसऱ्या ठिकाणी सहज वापरता येण्याजोगी आहे.

मुलांना ऑस्ट्रियात युवा वाद्यवृंदाच्या निवासी तालमीसाठी नेण्याचा प्रस्ताव घेऊन एक आयोजक नौपाड्यातील आमच्या वाद्यवर्गात आला. पत्रकात ग्राफेनेग येथील खुल्या रंगमंचाचे छायाचित्र आणि तालमींचे वेळापत्रक होते. प्रत्येक कुटुंबाकडून त्याने हप्त्याहप्त्याने सव्वातीन लाख रुपये घेतले.

या माणसाने इथल्या तालमी खरोखरच घेतल्या. दर रविवारी भाड्याच्या सभागृहात एक तरुण संचालक मुलांकडून मोझार्टची रचना मनापासून बसवून घेत असे (त्याचेही मानधन बुडाले). मुलांचे वादन सुधारताना डोळ्यांसमोर दिसत होते, आणि पुढचा हप्ता नेमका अशाच एखाद्या चांगल्या तालमीनंतर मागितला जाई. मुलांच्या कष्टांचा असा वापर करणे मला पैशांच्या अपहारापेक्षाही हीन वाटते.

विमानाच्या आरक्षणाचा पीएनआर कंपनीच्या संकेतस्थळावर दिसत होता, त्यामुळे कोणालाही शंका आली नाही. प्रत्यक्षात पैसे न भरताही काही काळ जागा राखून ठेवता येते आणि मुदत संपली की ते आरक्षण आपोआप रद्द होते. तिकीट निघाल्यावर प्रत्येक प्रवाशाच्या नावे तेरा अंकी ई-तिकीट क्रमांक मिळतो. तो आमच्यापैकी एकालाही मिळाला नव्हता.

व्हिसासाठी त्याने प्रत्येकी चाळीस हजार रुपये वेगळे घेतले. ऑस्ट्रियासह युरोपातील अनेक देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे मूळ शुल्क जून २०२४ पासून बारा वर्षांवरील अर्जदारासाठी ९० युरो आहे, म्हणजे अर्ज केंद्राचे सेवाशुल्क धरले तरी ही रक्कम कितीतरी जास्त होती. ‘गटाचा व्हिसा आहे, मुलांना यावे लागणार नाही’, असे तो सांगे; मात्र बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना पहिल्यांदा अर्ज करताना बोटांचे ठसे देण्यासाठी स्वतः हजर राहावेच लागते.

पत्रकात युरोपियन युनियन यूथ ऑर्केस्ट्रासोबत वादनाचेही आश्वासन होते. १९७६ साली स्थापन झालेला तो वाद्यवृंद युरोपीय संघाच्या सदस्य देशांतील १६ ते २६ वयोगटाच्या वादकांसाठी आहे. आमची बहुतेक मुले तर सोळा वर्षांचीही नव्हती. शेवटी एका आईने यजमान म्हणून छापलेल्या संस्थेचा ईमेल पत्ता पत्रकावरून न घेता स्वतः शोधला आणि थेट विचारणा केली, तेव्हा आमच्या गटाची कोणतीही नोंद तेथे नसल्याचे कळले. त्या दिवसापासून आयोजकाचा फोन बंद आहे.

आम्ही पोलिसांकडे लेखी तक्रार दिली आहे. ज्यांनी अशा आयोजकाला नुकतेच ऑनलाइन पैसे पाठवले असतील, त्यांनी क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढे वळती होण्याआधी खाते गोठवता आले तरच ती परत मिळण्याची आशा असते. पावत्या, बँकेच्या नोंदी आणि व्हॉट्सअॅपवरील संभाषण पुसून न टाकता तक्रारीसोबत जोडावे.